विश्लेषण : प्राथमिक शिक्षण चौथीला संपते की आठवीला? शेवटच्या वर्षी मुले काय शिकतात आणि त्यानंतर काय थांबते?

सातबारा कसा वाचायचा, कर्जावरचे चक्रवाढ व्याज कसे काढायचे, संसदेत विधेयकाचा कायदा कसा होतो आणि डेंग्यू कशामुळे पसरतो, या चारही गोष्टी महाराष्ट्रात एकाच इयत्तेत शिकवल्या जातात. ती इयत्ता म्हणजे आठवी. दहावी-बारावीच्या गडबडीत आठवीकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. ‘अजून दोन वर्षे आहेत’ असे म्हणून घरचेही निर्धास्त असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र आठवी हे प्राथमिक शिक्षणाचे शेवटचे वर्ष आहे. या वर्षानंतर अभ्यासक्रम बदलतो आणि त्याबरोबर मुलाचे काही हक्कही संपतात. त्यात आता आठवीत नापासही होता येते. त्यामुळे हे वर्ष नीट समजून घेण्याची गरज आहे.

प्राथमिक शिक्षण नेमके कोणत्या इयत्तेपर्यंत?

महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या मनात प्राथमिक शाळा म्हणजे पहिली ते चौथी. नंतर पाचवी ते सातवी आणि आठवीपासून हायस्कूल, अशी आपल्याकडची जुनी रचना. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा आजही चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंतच आहेत. म्हणून आठवी म्हटले की ‘मुलगा हायस्कूलला गेला’ असेच बोलले जाते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याने प्राथमिक शिक्षणाची व्याख्या पहिली ते आठवी अशी केली. त्यातही पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा. म्हणजे शाळेच्या इमारतीच्या हिशेबाने आठवी हायस्कूलमध्ये असली, तरी कायद्याच्या हिशेबाने ती प्राथमिकमध्येच येते.

आठवीच का ठरली?

याचे उत्तर वयात आहे. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेले मूल चौदाव्या वर्षी आठवी पूर्ण करते. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यसंस्थेने दहा वर्षांत करावा, असे संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये म्हटले होते. ते तेव्हा मार्गदर्शक तत्त्व होते, हक्क नव्हता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि ६ ते १४ वयोगटातील मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. आरटीई कायदा त्यातूनच आला.

मागणी मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे आणि तिची मुळे महाराष्ट्रात आहेत. महात्मा जोतिराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. १८८२ च्या मागणीपासून आरटीई लागू होईपर्यंत १२८ वर्षे गेली.

गणितात काय शिकवले जाते?

राज्य मंडळाचा आठवीचा सध्याचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये आला. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात परिमेय व अपरिमेय संख्या, घातांक व घनमूळ, विस्तार सूत्रे, एकचल समीकरणे, त्रिकोणांची एकरूपता, चौकोन रचना, सांख्यिकी, पृष्ठफळ व घनफळ अशी प्रकरणे आहेत. बीजगणित आणि भूमिती खऱ्या अर्थाने सुरू होते ती इथे. नववी-दहावीचे गणित याच पायावर उभे राहते. अवयव पाडणे आठवीत राहिले, तर दहावीची वर्गसमीकरणे अडतात.

याच पुस्तकातली दोन प्रकरणे थेट घरखर्चाशी जोडलेली आहेत.

पहिले प्रकरण ‘सूट व कमिशन’. समजा २,००० रुपये छापील किमतीच्या बुटांवर ५० टक्के सूट आणि ‘त्यावर आणखी २० टक्के’ अशी जाहिरात आहे. अनेकांना वाटते, एकूण सूट ७० टक्के, म्हणजे बूट ६०० रुपयांना. प्रत्यक्षात आधी किंमत १,००० होते आणि मग त्या हजारावर २० टक्के, म्हणजे २०० रुपये कमी होतात. बूट ८०० रुपयांना पडतात. एकूण सूट ६० टक्केच.

दुसरे प्रकरण ‘चक्रवाढ व्याज’. १०,००० रुपये दरसाल १० टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर सरळव्याजाने १२,००० आणि चक्रवाढीने १२,१०० रुपये फेडावे लागतात. फरक शंभर रुपयांचाच दिसतो. आता दर ‘महिना फक्त ३ टक्के’ धरा आणि वर्षभर हप्ता न भरता व्याज मुद्दलात मिळवत न्या. १०,००० चे १४,२५८ रुपये होतात. ऐकायला ३ टक्के वाटणारा दर वर्षाला जवळपास ४३ टक्क्यांवर जातो. सावकार असो की मोबाइलवरचे कर्ज देणारे अ‍ॅप, हिशेब हाच आहे आणि तो करायला आठवीचे गणित पुरते.

विज्ञानाच्या पुस्तकात काय आहे?

सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात १९ प्रकरणे आहेत. भौतिकशास्त्रात बल व दाब, धाराविद्युत आणि चुंबकत्व, ध्वनी, प्रकाशाचे परावर्तन. रसायनशास्त्रात अणूचे अंतरंग, धातू-अधातू, आम्ल-आम्लारी, रासायनिक बंध. जीवशास्त्रात पेशी व पेशीअंगके, सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण, मानवी इंद्रिय संस्था. शेवटचे प्रकरण ताऱ्यांच्या जीवनयात्रेचे.

‘आरोग्य व रोग’ या प्रकरणात संसर्गजन्य आजारांबरोबर मधुमेह, कर्करोग, हृदयविकार असे असंसर्गजन्य आजारही येतात. आपत्ती व्यवस्थापन आणि प्रदूषण ही स्वतंत्र प्रकरणे आहेत. घरात पहिल्यांदाच इतके शिकलेल्या मुलासाठी ही माहिती परीक्षेपुरती राहत नाही. आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत, कूलरमधले पाणी साठू देऊ नये, हे घरात सांगणारे बहुतेक वेळा तेच मूल असते.

इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोलात सातबारा?

इतिहासात युरोपीय सत्तांच्या आगमनापासून १८५७ चा लढा, सामाजिक व धार्मिक प्रबोधन, असहकार, सविनय कायदेभंग, सशस्त्र क्रांतिकारी चळवळ, स्वातंत्र्यप्राप्ती असा प्रवास आहे. ‘समतेचा लढा’ या प्रकरणात शेतकरी, कामगार, स्त्रिया आणि दलितांच्या चळवळी येतात. शेवटी महाराष्ट्र राज्याची निर्मिती.

नागरिकशास्त्रात संसदीय शासन पद्धती, भारताची संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि नोकरशाही ही सहा प्रकरणे आहेत. आमदार आणि खासदार यांच्या कामात फरक काय, दिवाणी आणि फौजदारी दावा म्हणजे काय, हे इथे कळते. चार-पाच वर्षांत ही मुले मतदार होणार असतात.

भूगोलातल्या ‘भूमी उपयोजन’ या पाठात सातबारा उतारा आणि मिळकत पत्रिका यांची ओळख करून दिली आहे. जमीन कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा आहे का, हे उताऱ्यावर कुठे पाहायचे ते मुलांना शिकवले जाते. ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ या पाठात एका रेखांशाला चार मिनिटे हा हिशेब येतो. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला असल्याने तिथली स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असते. नागपूरच्या मावशीकडे मुंबईपेक्षा लवकर का उजाडते, याचे उत्तर या गणितात आहे.

आठवीत नापास करतात का?

हो. आरटीई लागू झाल्यावर आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. संसदेने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पाचवी आणि आठवीच्या शेवटी नियमित परीक्षा घ्यायची आणि अनुत्तीर्ण मुलांना त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे सरकारांनी ठरवायचे, अशी ती तरतूद. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू झाली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये अशा आपल्या शाळांसाठीही तसाच नियम केला.

राज्यात आठवीची वार्षिक परीक्षा प्रत्येक विषयाला ६० गुणांची असते. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे २१ गुण लागतात. विषय सहा : तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे.

अनुत्तीर्ण झाल्यास काय, हे पालकांनी लक्षात ठेवावे. कायद्यानुसार अशा मुलाला जादा मार्गदर्शन द्यावे लागते आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यावी लागते. त्यातही यश आले नाही तरच त्याला आठवीत ठेवता येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘नापास झाला, दाखला घेऊन जा’ असे आठवीच्या मुलाला सांगणे बेकायदा आहे.

याच वर्षात कोणत्या संधी असतात?

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, ही परीक्षा फक्त आठवीतच देता येते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुले तिला पात्र असतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के). बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० आणि शालेय क्षमता चाचणीचे ९० असे १८० प्रश्न असतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला आली. आता ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या वेळचा हिशेब धाकट्याला लागू होईलच असे नाही. शाळेत विचारून घेतलेले बरे.

आठवीनंतर नेमके काय थांबते?

बहुतेक घरांना हे नववीच्या दारात उभे राहिल्यावर कळते.

पहिले, आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाचे मोफत शिक्षण आठवीला संपते. तोपर्यंतची प्रतिपूर्ती सरकार करते. नववीपासून त्याच शाळेत राहायचे तर पूर्ण शुल्क घरच्यांना भरावे लागते.

दुसरे, शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला दररोज १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळतील असे जेवण देणे अपेक्षित असते. मुलाची भूक सर्वाधिक वाढण्याच्या वयातच हे ताट बंद होते.

तिसरे, शासकीय आणि अनुदानित शाळांतली मोफत पाठ्यपुस्तके व गणवेश यांची योजनाही आठवीपर्यंतची.

चौथे, अंतर. आरटीईच्या निकषांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. नववीच्या शाळेसाठी या कायद्यात असे कोणतेही बंधन नाही. वाडी-वस्तीवरच्या मुलींची शाळा सुटण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

पाचवे कारण शाळेबाहेरचे. २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. कौटुंबिक व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर मदत, असे मोजके अपवाद त्यात आहेत. १४ ते १८ वयोगटासाठी बंदी फक्त धोकादायक कामांना आहे. म्हणजे मोफत शिक्षणाचा हक्क संपतो आणि कामाला जाण्याची मुभा मिळते, ते वय एकच. घरची परिस्थिती बेताची असेल तर निर्णय कुठे झुकतो, हे वेगळे सांगायला नको.

सगळेच दरवाजे बंद होतात असे नाही. अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मात्र ही सवलत राज्याच्या योजनांमधून येते, मूलभूत हक्क म्हणून नाही.

पुस्तकात आहे ते मुलांना खरेच येते का?

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या ६९.६ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित ४४.७ टक्के मुलांना जमत होते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले साधा भागाकार अडलेला असताना बहुपदींच्या भागाकाराच्या पाठापर्यंत पोहोचतात.

‘परीक्षा नसल्याने मुले शिकत नाहीत’ असे म्हणणारे आणि ‘नापास केले की मुले शाळाच सोडतात’ असे म्हणणारे, दोघेही याच आकड्यांकडे बोट दाखवतात. मात्र तिसरी-चौथीत राहिलेला भागाकार आठवीच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत भरून काढणे अवघड असते, यावर दोन्ही बाजूंच्या शिक्षकांचे फारसे दुमत होणार नाही.

‘आठवी पास’ कागदाला किंमत आहे का?

पूर्वी सातवीची ‘फायनल’ पास झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे. ते दिवस गेले, पण आठवी उत्तीर्ण ही पात्रता अजून काही ठिकाणी विचारली जाते. सैन्यभरतीत ट्रेड्समन गटातल्या काही पदांसाठी आठवी उत्तीर्ण उमेदवार चालतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन क्षेत्रात १० लाखांपेक्षा आणि सेवा क्षेत्रात ५ लाखांपेक्षा मोठा प्रकल्प उभारायचा असेल, तर किमान आठवी उत्तीर्ण असावे लागते. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठीही आठवीची अट होती. ती २०१९ मध्ये काढली गेली.

प्राथमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आरटीई कायद्यात आहे. फार कमी पालक ते मागतात.

पुढे काय बदलणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ५+३+३+४ अशी रचना आहे. त्यात सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा आहे आणि नववी ते बारावी एकत्र. राज्याने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार आठवीचा नवा अभ्यासक्रम २०२८-२९ मध्ये यायचा आहे. २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत १०० टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट धोरणात आहे. २०१९ च्या मसुद्यात आरटीईचा हक्क बारावीपर्यंत नेण्याची शिफारस होती. कायद्यात मात्र मर्यादा अजून आठवीचीच आहे.

पालकांनी आत्ता काय करावे?

मूल आठवीत असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात. एक, त्याला भागाकार, अपूर्णांक आणि टक्केवारी येते का, हे दिवाळीच्या सुट्टीतच तपासावे, मार्चची वाट पाहू नये. दोन, एनएमएमएसचा अर्ज शाळेतून भरला गेला आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारावे आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. तीन, २५ टक्के कोट्यातला प्रवेश असेल, तर नववीचे शुल्क किती, हे आताच लेखी घ्यावे आणि जवळच्या अनुदानित शाळेत जागा आहे का, हेही पाहून ठेवावे. चार, शाळा आठवीपर्यंतचीच असेल, तर नववीची शाळा किती लांब आहे आणि तिथे एसटी किती वाजता जाते, याची चौकशी निकालाआधीच करावी. चौथ्या प्रश्नाचे उत्तर वेळेत मिळाले नाही म्हणूनही अनेक मुलींची शाळा आठवीत थांबते.